डायनामोवाली पद्मिनी: बॅटरी नवीन, खरं चार दिवस उभी राहिली की उतरते. कुठून बघायला सुरुवात करू?

टिळकवाडीची_पद्मिनी
नमस्कार मंडळी. माझ्याकडं जुनी डायनामोवाली प्रीमियर पद्मिनी आहे, बेळगावातच असते, रविवारी काढतो, आठवड्यात वेळ मिळाला तर कॅम्पात एक चक्कर. गाडी पहिल्या मालकाकडून घेतली तेव्हा सगळं ठीक होतं, आता रविवारी चालवून लावली आणि शुक्रवार-शनिवारी सेल्फ मारला की नुसतं घरर्र घरर्र करून गप्प. बॅटरी गेल्या वर्षीची आहे, बॅटरीवाला म्हणतो सेल चांगले आहेत. इलेक्ट्रिशियन म्हणतो डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जुना जनरेटर) काढून टाका, अल्टरनेटर (तेच काम करणारा नव्या पद्धतीचा) बसवा, कटकट मिटेल. स्लोवर (इंजिन चालू, रेस नाही) डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा पेटतो, रेस केली की जातो. मला डायनामो काढायची अजिबात इच्छा नाही. गाडी जशी बनली तशी राहावी असं मनापासून वाटतं, आणि मुळात दोष डायनामोचाच आहे हे कुणी मोजून दाखवलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

गोवावेस
स्लोवर लाल दिवा पेटणं हा दोष नाही हो. डायनामो स्लोवर चार्जिंग देतच नाही म्हटलं तरी चालेल. रेस केल्यावर दिवा पूर्ण विझतो ना? अंधारात बघा, मंद लालसर राहतो का. राहत असेल तर डायनामो फिरवणारा पट्टा सैल किंवा कट आउटचे (डायनामो थांबला की बॅटरी त्याच्यापासून तोडणारा स्विच) पॉइंट खराब.

संकेश्वरी_मिरची
बॅटरी बदला, दुसऱ्या कंपनीची घ्या. मी तेच केलं.

चिकोडी_एक्सप्रेस
@मिरची, बॅटरी बदलून आठवडाभर बरं वाटतं कारण नवीन बॅटरी भरून येते. दोष तिथंच राहतो आणि नवीन बॅटरीची पण वाट लागते. एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच आठवडाभर ठेवली की प्लेटवर सल्फेट धरतं, मग ती कितीही चार्ज केली तरी पहिल्यासारखी होत नाही. आपल्या भागात बॅटरीच्या दुकानात जाऊन पैसे देणारी निम्मी माणसं तरी बॅटरीसाठी नाही, वायरीसाठी पैसे देतात असं माझं ठाम मत आहे.

टिळकवाडी, तुम्ही आधी साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. मग एवढं मोजा आणि इथं लिहा.

रात्रभर चार्जरवर लावून पूर्ण भरा, चार्जर काढा, काही तास तशीच ठेवा आणि मोजा. १२.६ ते १२.७ आलं पाहिजे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. मग सेल्फ मारताना दुसऱ्या माणसाला मीटर बघायला सांगा, साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी दमलेली. मग गाडी सुरू करून स्लोवर एकदा, चांगली रेस करून एकदा, आणि रेसमधेच हेडलाइट लावून एकदा. रेसमधे १३.८ ते १४.४ च्या आसपास असलं की डायनामोला शिव्या देऊ नका.

उद्यमबाग
चार्जर लावताना अँपिअर जास्त ठेवू नका. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर साडेतीन अँपिअर, म्हणजे दहावा हिस्सा. झाकणं सैल करा, खोलीत नको, बाहेर ओसरीवर लावा, त्यातून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली की स्फोट होतो. आणि पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड घालू नका. ॲसिड उडून जात नाही, पाणीच उडतं. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) असेल तर चार्ज झाल्यावर सगळे सहा सेल बघा, १२६५-१२८० च्या जवळ पाहिजेत. पाच सेल १२६० आणि एक ११५० असला तर ती बॅटरी गेली, बाकी काही बघायची गरज नाही.

खरं मी इलेक्ट्रिशियनच्या बाजूचा आहे. मारुती ८०० चा अल्टरनेटर ब्रॅकेट करून बसवला की स्लोवर पण चार्जिंग येतं. आजच्या ट्रॅफिकमधे डायनामो पुरत नाही.

खानापूरकर
मला वेगळंच सांगायचंय. आमच्या मामांच्या अँबेसिडरला सेल्फ मारला की नुसतं टक्. बॅटरी बदलली, सेल्फ खोलून कार्बन बदलले, बुश बदलले, तरी टक्. शेवटी नंदगडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं काही खोललं नाही. मामांना म्हणाला सेल्फ मारा, आणि स्वतः चोकच्या केबलला बोट लावून उभा राहिला. दोनदा सेल्फ मारल्यावर केबल चटका बसण्याइतकी गरम, तिसऱ्यांदा तिच्या प्लास्टिकमधून धूर आला. म्हणाला, इंजिनची अर्थ पट्टी तुटलीय, सेल्फचा सगळा करंट चोकच्या तारेतून परत जायला बघतोय. खाली घुसून बघितलं तर इंजिन ते चासीची जाळीची पट्टी बोल्टपाशी हिरवी पडून शेवटच्या चार-दोन तारांवर लटकत होती. नवीन पट्टी, दोन्हीकडं रंग खरवडून पांढरा पत्रा काढून बसवली, पहिल्या हाताला गाडी सुरू.

आपल्याकडं खानापूर-जांबोटीकडं जो पाऊस पडतो त्यात अर्थचे बोल्ट सडणारच.

निपाणी_जीपवाला
चोकची केबल गरम 😄 हे मी पण बघितलंय. मीटरवर पण पकडता येतं काका. सेल्फ मारताना मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर) आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर उघड्या लोखंडावर धरा. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थमधे चोरी आहे. तसंच प्लसचा खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट, अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. हे फक्त सेल्फ फिरत असतानाच कळतं, बंद गाडीत शून्यच येणार.

माझ्या जुन्या विलीजला ६ व्होल्टची सिस्टम आहे. तिथं हे अजून महत्त्वाचं. ६ व्होल्टला तेवढंच काम करायला करंट दुप्पट लागतो, आणि दुकानदार १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल देतो. मग सेल्फ रडत फिरतो आणि लोक म्हणतात ६ व्होल्टच खराब. वेल्डिंगच्या दुकानातनं जाड तांब्याची केबल आणून थिंबल दाबून बसवली, आता थंडीत पण उठते.

संकेश्वरी_मिरची
६ व्होल्टची जीप अजून चालवताय? नमस्कार तुम्हाला. हॉर्न ऐकू येतो का?

निपाणी_जीपवाला
येतो की! हट्टरगी टोलपर्यंत ऐकू येतो 😄

टिळकवाडीची_पद्मिनी
सगळ्यांचे आभार. मोजलं.
भरून ठेवल्यावर: १२.६८
सेल्फ मारताना: १०.३ पर्यंत खाली
स्लो: १२.३
रेसमधे: १३.९
रेसमधे हेडलाइट लावून: १३.४
अर्थ चेक केली निपाणीकरांनी सांगितल्यासारखी, ०.१ च्या आसपास.
पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबला तर अर्धा इंच जातो.
मग चार-पाच दिवस उभी ठेवून परत मोजली: ११.९.

चिकोडी_एक्सप्रेस
झालं की मग. बॅटरी चांगली, डायनामो चांगला, सेल्फ चांगला, अर्थ चांगली. गाडी उभी असताना कुणीतरी करंट खातंय. ११.९ म्हणजे जवळजवळ सगळी बॅटरी गेली. ३५ अँपिअर-अवर धरले तर दिवसाला सात एक, म्हणजे सतत ०.३ अँपिअरच्या आसपास कुठंतरी जातंय. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर नाही, काही नाही. बंद गाडीचा ड्रेन शून्यच पाहिजे, घड्याळ असलं तर चार-दोन मिलिअँपिअर.

मायनसची केबल काढा. मीटर १० अँपिअरच्या जागी लावा (लाल वायरीचं भोक पण बदला), एक सुई मायनस खांबावर, एक काढलेल्या केबलवर. दारं बंद, डिकी बंद, सगळं बंद. किती दाखवतंय ते बघा. मीटर असा लावलेला असताना चुकून पण सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडेल ती लाइन.

मीटर नसेल त्यांनी साधा टेस्ट लॅम्प लावा, त्याच जागी. पेटला म्हणजे चोर घरात आहे.

वंटमुरी_घाट
आणि अंगठी, घड्याळ काढून ठेवा हो. पाना प्लसवर आणि घड्याळाचा पट्टा बॉडीला लागला तर हात भाजतो. माझ्या ओळखीतल्या एकाच्या मनगटावर अजून डाग आहे. केबल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

उद्यमबाग
पॉझिटिव्ह अर्थवाल्या जुन्या अँबेसिडरला उलटं, तिथं प्लस बॉडीला असतं. म्हणजे सरळ नियम असा की बॉडीला लागलेली केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची.

सीमाभाग_अँबी
@उद्यमबाग, बरोबर. माझी तशीच आहे, पॉझिटिव्ह अर्थ. तिला जंप स्टार्ट द्यायला शेजारची नवीन गाडी आली की माझा जीव वर-खाली होतो. दोन गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकले तर थेट शॉर्ट. खांबाला खांब, प्लसला प्लस, मायनसला मायनस, आणि बॉडी लांब ठेवायच्या.

बाकी तुमच्या अल्टरनेटरच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. लुकासचा सी ४० डायनामो २२ अँपिअर देतो. माझे हेडलाइट ४५ वॉटचे दोन, म्हणजे सात-साडेसात अँपिअर. इग्निशन तीन-चार, वायपर दोन-तीन, टेल आणि मीटरचे दिवे अजून दोन. पावसात रात्री सगळं लावून पण पंधराच होतात. हायवेला बेळगाव-कोल्हापूर एकशे दहा किलोमीटर मी कायम असा जातो, अँमीटर शून्याच्या उजवीकडंच असतो.

उद्यमबाग
हायवेला होय. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला उभं राहून बघा की! गेट पडलं, मालगाडी जाऊलीय, तुमचे पंधराच्या पंधरा अँपिअर बॅटरीतनं, डायनामो शून्य. असं रोज अर्धा तास झालं तर सात अँपिअर-अवर गेले, ते भरायला परत लांबची फेरी पाहिजे. ते गावातल्या गावात फिरतात. म्हणून म्हणालो.

सीमाभाग_अँबी
गेटला हेडलाइट बंद करून पार्किंग लावायचे हे आमच्या वडलांनी शिकवलं होतं. सगळे करायचे तेव्हा.

कुंदा_प्रेमी
हेडलाइट सोडून बाकीचे बल्ब एलईडी करा की, लोड थोडा कमी होईल. मी टेल, पार्किंग, मीटर सगळे केले.

सीमाभाग_अँबी
निगेटिव्ह अर्थवाल्यांना चालेल. माझ्या पॉझिटिव्ह अर्थला बाजारातले बरेच एलईडी पेटतच नाहीत, त्यांना प्लस-मायनस लागतो. आणि इंडिकेटरचा जुना फ्लॅशर एलईडीच्या कमी लोडवर नीट लपकत नाही, तो बदलावा लागतो.

शहापूरकरीण
मी नवीनच आहे इथं. सासऱ्यांची फियाट आता मी चालवते. आमच्याकडं अल्टरनेटर बसवलेला आहे आणि वर्षभर त्रास होता, कधी चार्ज व्हायची कधी नाही. वायरमनला कळेना. शेवटी असं सापडलं की डॅशचा लाल दिवाच फ्यूज होता, नवीन बल्ब लावला, त्या दिवसापासून ठीक. दिव्याचा आणि चार्जिंगचा काय संबंध ते मला अजून नीट समजलेलं नाही, कुणी सांगेल का?

चिकोडी_एक्सप्रेस
छान मुद्दा आणलात ताई. अल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीला थोडा करंट बाहेरून द्यावा लागतो, तेव्हा त्यात चुंबक तयार होतं. तो करंट त्या लाल दिव्यातूनच जातो. बल्ब गेला की वाट बंद, मग अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा खूप रेस केल्यावर होतो. म्हणून कधी चार्ज कधी नाही. डायनामोला तसं नसतं, त्याच्या लोखंडात चुंबकत्व थोडं उरलेलं असतं, त्यावर तो स्वतः उठतो. दिवा तिथं फक्त दाखवायला. चावी ऑन केली, इंजिन बंद, आणि दिवा पेटला नाही, तर अल्टरनेटरवाल्यांनी आधी बल्बच बघायचा.

अजून एक. जुने मिस्त्री गाडी चालू असताना बॅटरीची केबल काढून "डायनामो चार्ज करतोय का" बघायचे. अल्टरनेटरवर ते कधीच करू नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे) जातात. डायोड लीक झाला की गाडी उभी असताना बॅटरी त्यातून उतरते, मग रात्रभरात काम तमाम.

शहापूरकरीण
आता समजलं! खूप आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही."

वंटमुरी_घाट
थोडं विषयांतर. अल्टरनेटर बसवला तर व्हिंटेज नोंदणीला अडचण येते का? २०२१ ला केंद्राचा नियम आला ना, ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर, नवीन नोंदणीला २० हजार.

सीमाभाग_अँबी
त्या नियमात चासी, बॉडी शेल आणि इंजिन यात मोठा बदल नको असं आहे. अल्टरनेटर काढता-घालता येणारी वस्तू आहे. तरीपण बदललात तर काढलेला डायनामो, ब्रॅकेट आणि कट आउट एका पेटीत जपून ठेवा. भंगारात घालू नका कृपा करून. आज ना उद्या कुणीतरी ती गाडी मूळ रूपात आणायला बघणार आहे, त्याला ते कुठंच मिळणार नाही.

टिळकवाडीची_पद्मिनी
मीटर लावला. बंद गाडीत ०.३१ अँपिअर! चिकोडीकरांचा हिशोब तंतोतंत. खरं आता खरी गंमत, सगळे फ्यूज काढले, एकेक करून, तरी ०.३१ तसाच. म्हणजे कुठून?

गोवावेस
कट आउट. पॉइंट चिकटले असणार, बॅटरी उलटी डायनामोत जाऊलीय.

चिकोडी_एक्सप्रेस
पॉइंट चिकटले असते तर ०.३ नाही, कितीतरी जास्त गेला असता. गाडी बंद केल्यावर पण डायनामो हाताला गरम लागला असता आणि एका रात्रीत बॅटरी साफ झाली असती. तरी शंका नको, रेग्युलेटरकडं (कट आउट त्याच डब्यात असतो) बॅटरीवरून येणारी जाड वायर सुटी करा आणि मीटर बघा. टोक टेपनं गुंडाळा, बॉडीला लागू देऊ नका.

नंतर चावीचा स्विच. जुन्या गाड्यांत इग्निशनच्या लाइनला बऱ्याचदा फ्यूजच नसतो, त्यामुळं फ्यूज काढून सगळं कळत नाही.

निपाणी_जीपवाला
त्याआधी बॅटरीच्या प्लस क्लॅम्पवर किती वायरी आहेत ते मोजा टिळकवाडी. जाड केबल आणि मूळ हार्नेसची वायर सोडून अजून एखादी वायर असली तर तिच्या मागं जा. पहिल्या मालकानं काय काय बसवलं असेल सांगता येत नाही. बाहेरून ओढलेली लाइन गाडीच्या फ्यूज बॉक्समधे येतच नाही.

टिळकवाडीची_पद्मिनी
निपाणीकर, तुमच्या पाया पडतो. प्लसवर तिसरी वायर होती, बारीक लाल, वर काळी टेप, मूळ वायरिंगमधे इतकी मिसळलेली की लक्षात येऊ नये. चटईखालून पुढच्या सीटच्या खाली गेलेली. तिथं पहिल्या मालकानं गाण्यासाठी बसवलेला अँप्लिफायर. स्पीकर कधीच काढून नेलेत, मला वाटलं होतं सगळंच काढलंय, अँप्लिफायर तसाच होता आणि हाताला कोमट लागत होता. गाडी बंद असताना! त्याची चालू-बंदची बारीक वायर चावीच्या लाइनला लावायच्या ऐवजी थेट बॅटरीच्या वायरीलाच पिळून जोडलेली. म्हणजे तो चोवीस तास चालू. लाल वायर क्लॅम्पवरून सोडली, मीटर ०.००.

गोवावेस
वा! कट आउटची माफी मागतो 🙏

कुंदा_प्रेमी
कुंदा पाहिजे आता. पुरोहितांच्या मिठाईच्या दुकानापासून लांब राहणाऱ्यांना पार्सल करा.

खानापूरकर
त्या लाल वायरीला मधे फ्यूज होता का? चटईखालून थेट बॅटरीची वायर, फ्यूज नाही, आणि सीटच्या लोखंडानं घासून कातडं निघालं तर गाडी पेटते. बॅटरी उतरली हे बरंच झालं म्हणायचं.

टिळकवाडीची_पद्मिनी
नव्हता फ्यूज. आणि सीटच्या पट्टीपाशी वायरीचं आवरण दबून चपटं झालं होतं. पूर्ण ओढून काढली.

उद्यमबाग
भले. मग डायनामो ठेवा, माझं काही म्हणणं नाही, १३.९ देतोय तर. फक्त पावसाळ्यानंतर खोलून एकदा कार्बन किती उरलेत ते बघा, कम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरनं फिरवून घ्या, मधल्या खाचांतला कचरा काढा. मागच्या बुशला दोन थेंब तेल, जास्त नको, तेल कार्बनवर गेलं की चार्जिंग बसतं. उद्यमबागेत आर्मेचर वाइंडिंग करणारे अजून आहेत, लागलं तर सांगा.

आणि क्लॅम्पवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं धुवा. सोडा सेलच्या आत जाऊ देऊ नका, झाकणं घट्ट ठेवा. वाळलं की पेट्रोलियम जेली.

चिकोडी_एक्सप्रेस
आणि चार आठवडे गाडी काढणार नसाल तर मायनसला कट ऑफ स्विच लावा. खंडेनवमीला पूजा करून नारळ फोडला आणि गाडी सुरूच झाली नाही असं व्हायला नको.

टिळकवाडीची_पद्मिनी
स्विच आजच आणला. आठवडाभर उभी ठेवून सकाळी मोजली, १२.६. पहिल्या सेल्फला सुरू. रविवारी वंटमुरी घाटातून संकेश्वरपर्यंत जाऊन येणार आहे, कुणी वाटेत असेल तर सांगा.

संकेश्वरी_मिरची
या की. चहा माझ्याकडं. येताना तो मल्टीमीटर पण आणा, माझी नवीन बॅटरी परत उतरालीय.

निपाणी_जीपवाला
मी पण येतो. मिरचीभाऊ, तोवर तुमच्या प्लस क्लॅम्पवर किती वायरी आहेत तेवढं मोजून ठेवा.

संकेश्वरी_मिरची
चार.